मुंबई–कोलकाता विमान : अंतर तेच, मग जायला २:३५ आणि यायला ३:०० का?

शिवडी_स्टेशन

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये मुंबई–कोलकाता विमानाने जायचे आहे, तिथून पुढे विमानानेच बागडोगरा (सिलिगुडीजवळचा विमानतळ) आणि मग गाडीने दार्जिलिंग. सोबत आई-वडील आहेत. तिकिटे बघताना काही आकडे जुळेनात, म्हणून हा धागा.

तिकिटावर जाताना २ तास ३५ मिनिटे, येताना ३ तास. अंतर काढून देणारी एक साईट म्हणते हवाई अंतर १,६६५ किमी आणि वेळ २ तास ३४ मिनिटे. दुसरी अंतर थोडे वेगळेच दाखवते. विमानाचा माग दाखवणाऱ्या अॅपवर गेल्या हिवाळ्यातली तीच फ्लाइट २ तास ५ मिनिटांत पोहोचलेली दिसते. रेल्वेने तर हे अंतर १,९६८ किमी आहे.

तर खरे अंतर कोणते आणि खरी वेळ कोणती? जाण्या-येण्यात एवढा फरक कशामुळे? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याचा काही संबंध? आणि मुख्य म्हणजे, बागडोगऱ्याचे तिकीट वेगळे काढले तर कोलकात्याला मध्ये किती वेळ ठेवावा?

---

अक्षांश

अंतराचे आधी संपवू, ते सोपे आहे.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलेले दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर. मुंबईचा सहार-सांताक्रूझ विमानतळ १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व. कोलकात्याचा दमदम विमानतळ २२.६५५ उत्तर, ८८.४४७ पूर्व. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार मिळवा. इथे बेरीज ०.९६६०२ येते. तिचा आर्क-कोसाइन १४.९८ अंश. एका अंशाला ६० नॉटिकल मैल, म्हणजे ८९९ नॉटिकल मैल, म्हणजेच १,६६५ किमी. पृथ्वी पूर्ण गोल न धरता ध्रुवांपाशी चपटी धरली तर दोनेक किमी वाढतात. त्यामुळे १,६६५ आणि १,६६७ अशा दोन आकड्यांवरून भांडायचे कारण नाही.

एक्सेलमध्ये करणार असाल तर दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. एक, एक्सेलला अंश कळत नाहीत, रेडियन लागतात. आधी बदलून घ्या, नाहीतर उत्तर भलतेच येईल आणि आपले काय चुकले तेही कळणार नाही. दोन, ७२ अंश ५२ मिनिटे म्हणजे ७२.५२ नव्हे. ५२ ला ६० ने भागायचे, ७२.८६७ येतात. इथे चूक केली तर मुंबई ३६ किमी पश्चिमेला सरकून भर समुद्रात जाते.

त्रिकोणमिती नको असेल तर कागदावरही जमते. रेखांशातला फरक १५.५८ अंश. या पट्ट्यात, २१ अंशांच्या आसपास, रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किमी भरतो. म्हणून पूर्व-पश्चिम १,६२० किमी. अक्षांशातला फरक ३.५७ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण ३९५ किमी. आता पायथागोरस. उत्तर १,६६७ च्या आसपास.

दुसऱ्या साईटचा आकडा बहुधा शहराच्या मध्यबिंदूंवरून काढलेला असणार. कोणी मुंबई म्हणून फोर्टमधला बिंदू धरतो, कोणी थेट विमानतळ. विमानाच्या बाबतीत विमानतळ ते विमानतळ हेच धरायचे. रेल्वेचे १,९६८ किमी हे हावडा ते सीएसएमटी व्हाया नागपूर, रुळावरून मोजलेले. त्याचा इथे उपयोग नाही.

---

वांद्रे_ते_बारासात

जाण्या-येण्यातला फरक ग्रेट सर्कलमुळे, म्हणजे पृथ्वीच्या गोलाव्यावरच्या सर्वांत छोट्या मार्गामुळे पडतो. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात लांब असते, विमाने वळणदार मार्गाने जातात. लंडन-न्यूयॉर्कचा मार्ग बघा, पार वर उत्तरेला जातो.

---

अक्षांश

ग्रेट सर्कल जाताना आणि येताना तोच असतो, त्यामुळे फरक त्याने पडूच शकत नाही. शिवाय मुंबई–कोलकाता इतकी जवळ आणि इतकी दक्षिणेला आहेत की नकाशावरची सरळ रेघ आणि खरी सर्वांत छोटी रेघ यांत मध्यावर फक्त १९-२० किमीचे अंतर पडते, आणि लांबीत जेमतेम एखाद्या किमीचा फरक. लंडन-न्यूयॉर्क उत्तरेला आहे आणि तिप्पटीहून लांब आहे, म्हणून तिथे तो बाक डोळ्यात भरतो.

आपली रेघ छत्रपती संभाजीनगरच्या थोडी दक्षिणेकडून, नागपूरच्या ४०-५० किमी दक्षिणेकडून, जवळपास रायपूरच्या डोक्यावरून आणि जमशेदपूरला डाव्या हाताला ठेवून जाते. विमान मात्र नेमके या रेघेवरून जाईल असे नाही, त्याबद्दल जाणकार सांगतीलच.

पृथ्वी फिरण्याचे : हवाही पृथ्वीसोबतच फिरते, विमान त्या हवेत तरंगते. जमीन खालून सरकते आणि विमान वर जागच्या जागी राहते असे होत नाही. तसे असते तर उलट पश्चिमेकडे जाणारे लवकर पोहोचले असते.

---

डिस्पॅच_डेस्क

वेळेचा गोंधळ असा आहे की तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टींची वेळ एकमेकांशी ताडून बघताय.

अंतराच्या साईटवरचे २ तास ३४ मिनिटे हे निव्वळ गणित आहे. अशा बऱ्याच साईट ताशी ८०५ किमी, म्हणजे ५०० मैल, असा वेग धरतात आणि वर अर्धा तास टाकतात. १,६६५ भागिले ८०५ म्हणजे २ तास ४ मिनिटे, अधिक ३०. झाले २:३४. तुमच्या तिकिटाशी जुळले हा योगायोग. हीच साईट परतीलाही २:३४ च दाखवेल, कारण तिला वारा माहीत नाही आणि मुंबईची रांगही माहीत नाही.

अॅपवरचे २:०५ म्हणजे चाके धावपट्टी सोडतात तिथपासून चाके परत टेकतात तिथपर्यंत.

तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. गेटवर चाकांखालचे ठोकळे काढून विमान मागे ढकलायला लागतात तो क्षण ते पोहोचल्यावर परत ठोकळे लागतात तो क्षण. यात दोन्हीकडचे टॅक्सीइंग आले आणि कंपनीने राखून ठेवलेली थोडी शिल्लकही आली. ही शिल्लक का, तर वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोहोचले की फ्लाइट 'वेळेवर' मोजली जाते. ते आकडे विमानतळवार प्रसिद्ध होतात, म्हणून कंपन्या वेळापत्रकच थोडे सैल ठेवतात. 'वीस मिनिटे लवकर पोहोचलो' असे लोक कौतुकाने सांगतात, त्यातले निम्मे श्रेय वेळापत्रक बनवणाऱ्याचे.

आता हिवाळ्यातल्या जाण्याचा हिशेब मांडू. विमान ए३२० किंवा ७३७ धरा, दोन्हींचा वेग जवळपास सारखाच. मुंबईत ढकलल्यापासून उड्डाणापर्यंत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत १८ ते २५ मिनिटे. टर्मिनल १ वरून निघणाऱ्यांना जरा जास्तच, कारण वर्षाचा बराच काळ उड्डाण धावपट्टी २७ वरून होते. ती सुरू होते कुर्ला-जरीमरीच्या बाजूला, आणि टी-१ आहे सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला. म्हणजे विमानाला आधी अख्खी पूर्वेकडे चाल करावी लागते.

मग उड्डाण होते जुहूच्या समुद्राकडे, म्हणजे कोलकात्याच्या बरोबर उलट दिशेला. समुद्रावर चढत वळसा घेऊन विमान पुन्हा किनारा ओलांडते तोवर १५–२० नॉटिकल मैल फुकट गेलेले असतात. पुढे ठरलेल्या बिंदूंवरून जाणारे हवाई मार्ग, सैन्याच्या राखीव हवाई क्षेत्रांना वळसे (२०२० नंतर ही क्षेत्रे नागरी विमानांना जास्त मोकळी झाली आहेत, तरी वळसे पूर्ण संपलेले नाहीत) आणि कोलकात्याला धावपट्ट्या उत्तर-दक्षिण असल्यामुळे शेवटी ९० अंशांचे वळण. हे सगळे धरून ८९९ चे प्रत्यक्षात ९२० ते ९५० नॉटिकल मैल होतात. हवेतला वेळ २:०० ते २:१०. कोलकात्यात उतरून गेटला लागायला ६-८ मिनिटे. बेरीज करा, तिकिटाचे २:३५ झाले.

येताना हवेतला वेळ २:२५ ते २:३५. कोलकात्यात निघताना १०-१२ मिनिटे, मुंबईत उतरल्यावर ८-१०, आणि वर मुंबईच्या रांगेसाठी राखलेली दहा मिनिटे. झाले तीन तास.

गंमत अशी की मुंबईच्या धावपट्टीची दिशा परतीला फायद्याची आहे. विमान पूर्वेकडून येते आणि २७ वर पूर्वेकडूनच उतरायचे असते, वळसा नाही. पण हा फायदा रांगेत विरघळून जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४६ पर्यंत ये-जा चालायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासांसाठी ती ४४ वर आणि इतर वेळी ४२ वर आणली, कारण विमाने ४०-४० मिनिटे आकाशात घिरट्या घालत होती. त्या वेळी सरकारनेच हिशेब दिला होता : ४० मिनिटांच्या घिरट्यांना साधारण १.७ किलोलीटर इंधन, सुमारे १.८ लाख रुपये.

वाऱ्याचे मी लिहीत नाही. हवा_पाणी यांचा प्रांत आहे.

---

हवा_पाणी

बोलावल्याबद्दल आभार. जाण्या-येण्यातल्या फरकाचे खरे उत्तर वाऱ्यातच आहे.

हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण २७ उत्तर अक्षांशाच्या पट्ट्यात, बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम असतो. त्याचा गाभा दिल्ली-लखनौकडे असला तरी दक्षिणेची कड आपल्या मार्गावर येते. मुंबईच्या डोक्यावर वारा कमी, कोलकात्याकडे जाल तसा वाढत जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्ण मार्गावर सरासरी ५०–७० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) धरायला हरकत नाही. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) आला की जेट दक्षिणेकडे सरकतो, मग कोलकात्याकडच्या टोकाला १०० च्या पुढेही जातो.

६० नॉट धरून गणित करू. हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग ४५० नॉट. चढणे आणि उतरणे सोडून सरळ उंचीवरचा टप्पा ६५० नॉटिकल मैल.

जाताना जमिनीवरचा वेग ४५० अधिक ६०, म्हणजे ५१०. ६५० मैलांना साडेशहात्तर मिनिटे.
येताना ४५० उणे ६०, म्हणजे ३९०. त्याच ६५० मैलांना १०० मिनिटे.

फरक साडेतेवीस मिनिटांचा. तुमच्या तिकिटावर २५ मिनिटांचा दिसतोय, मिळाले. चढता-उतरताना वारा कमी असतो, त्यामुळे तिथे फरक किरकोळ.

इथे बऱ्याच जणांना वाटते की जाताना वाचले ते येताना गेले, फिट्टमफाट. तसे होत नाही. वारा नसता तर दोन्ही वेळा ८६.७ मिनिटे, म्हणजे १७३.४. वाऱ्यात ७६.५ अधिक १००, म्हणजे १७६.५. तीन मिनिटे तोटाच, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते आणि वाऱ्याला जास्त वेळ सापडते. वारा जितका जोरदार तितका हा तोटा झपाट्याने वाढतो.

आता पावसाळ्यात बघा काय होते. मे संपता संपता पश्चिमेचा जेट हिमालयाच्या उत्तरेला निघून जातो आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट बसतो. भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये हा पूर्वीय जेट मांडला. त्याचा गाभा १०-१५ अक्षांशांवर आणि विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही वर, पण मुंबई–कोलकाता पट्ट्यात ३५-३६ हजार फुटांवर त्याचे २०–३० नॉट मिळतात. २५ धरले तर जाताना ९२ मिनिटे, येताना ८२. म्हणजे जुलैमध्ये चित्र उलटे, कोलकात्याहून मुंबईला येणे हवेत तरी दहा मिनिटांनी जलद!

तिकिटावर मात्र हे तितके दिसणार नाही. मार्चअखेरचा रविवार ते ऑक्टोबरअखेरचा शनिवार हे एकच उन्हाळी वेळापत्रक असते. त्यात एप्रिलचा पश्चिमेचा वारा, जुलैचा पूर्वेचा, कोलकात्याच्या कालबैसाखीची एप्रिल-मेमधली वादळे आणि मुंबईचा पाऊस, सगळे एकाच आकड्यात कोंबावे लागते. शिवाय पावसाळ्यात वाऱ्याने वाचवलेली दहा मिनिटे विदर्भ-छत्तीसगडावरच्या ढगांना वळसे घालण्यात आणि मुंबईत दृश्यता सुधारण्याची वाट बघण्यात सहज खर्च होतात.

अजून एक. पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजारांवर उडतात, ३३, ३५, ३७ हजार फूट, आणि पश्चिमेकडे येणारी सम हजारांवर, ३४, ३६, ३८. हिवाळ्यात परतीला कधी कधी वैमानिक मुद्दाम खालची उंची मागतात, कारण तिथे उलटा वारा कमी असतो. इंधन थोडे जास्त जाते, पण वेळ वाचतो. तेव्हा ३२ हजारांवर विमान दिसले तर काही बिघाड आहे असे समजू नका. जेटच्या कडेला निरभ्र आकाशातही धक्के बसतात. आई-वडिलांना सांगा, दिवा विझला तरी पट्टा सैलसर बांधूनच ठेवा.

---

शिवडी_स्टेशन

वा, सगळ्यांचे आभार, आकडे लख्ख जुळले. आता बागडोगऱ्याचे सांगा. कोलकात्याला सकाळी ११:१० ला पोहोचणारी फ्लाइट आहे. बागडोगऱ्याला दुपारी १२:५० ची एक आणि २:३५ ची एक दिसते. १२:५० ची पकडली तर दार्जिलिंगला उजेडात पोहोचू. तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, चेक-इन सामान तीन डाग.

---

तिकीटघर

वेगळ्या कंपन्या, वेगळी तिकिटे आणि तीन डाग सामान. १२:५० विसरा.

हिशेब बघा. ११:१० ला विमान गेटला लागले. दार उघडून वडीलधाऱ्यांना घेऊन बाहेर पडेपर्यंत १५ मिनिटे. सामान पट्ट्यावर यायला २०-३०. आगमन खालच्या मजल्यावर, प्रस्थान वरच्या. बाहेर पडायचे, वर जायचे, ओळखपत्र दाखवून पुन्हा आत शिरायचे, त्याला १५. सामान टाकायच्या रांगेत १५-२०. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी साडेबारा वाजले. देशांतर्गत फ्लाइटचे काउंटर साधारण ६० मिनिटे आधी बंद होतात, म्हणजे तुमचे ११:५० लाच बंद. मुंबईहून वेळेवर निघालात तरी ही फ्लाइट तुमच्या हातात नाही.

२:३५ चे काउंटर १:३५ ला बंद होणार. साडेबाराला तुम्ही पोहोचताय, म्हणजे हाताशी एक तास. मुंबईत पाऊण तास उशीर झाला तरी निभेल. वेगळ्या तिकिटांवर कोलकात्याला ३ तास ठेवा असे मी सरसकट सांगतो, तुमचे ३ तास २५ होतात. ठीक आहे.

त्याहून बरे म्हणजे मुंबई–बागडोगरा एकाच कंपनीचे, एकाच पीएनआरवरचे तिकीट. मग मधला वेळ पुरेसा आहे की नाही हे कंपनीने धरलेले असते, सामान थेट बागडोगऱ्याचा टॅग लावून जाते, आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर पुढे पोहोचवणे त्यांच्या गळ्यात. वेगळ्या तिकिटांवर दुसरी कंपनी तुम्हाला सरळ 'नो-शो' धरते. पहिलीचा उशीर हे कारण तिच्या लेखी नसतेच. हजार-दीड हजार वाचवायला हा धोका घेऊ नये, त्यात सोबत वयस्कर माणसे. थेट विमान मिळत असेल तर तो विषयच मिटला.

व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही तिकिटांवर वेगवेगळी. पहिल्यावर नोंदवली म्हणून दुसऱ्यावर आपोआप येत नाही.

---

अक्षांश

उजेडाचा मुद्दा निघाला म्हणून. घड्याळ सगळीकडे एकच असले तरी सूर्य तसा नाही. साडेपंधरा अंश रेखांश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे कोलकात्याचा सूर्य मुंबईपेक्षा तासभर पुढे. डिसेंबरात मुंबईला सहाला मावळतो, कोलकात्याला पाचच्या आधी, आणि बागडोगऱ्याला पावणेपाचच्या आसपास. २:३५ ची फ्लाइट पावणेचारला टेकली तर सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत साडेचार. दार्जिलिंगचा घाट पूर्ण अंधारात. त्या रात्री सिलिगुडीला मुक्काम करा, सकाळी वर जा.

---

डिस्पॅच_डेस्क

अनुमोदन. आणि बागडोगऱ्याची सकाळची फ्लाइट घ्यावी असा विचार आला तर थांबा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सकाळी धुके असते, पहिली विमाने उशिरा सुटतात किंवा कोलकात्याला परत फिरतात. ऊन चढल्यावरची वेळ जास्त खात्रीची. तो हवाई दलाचा तळ आहे, आपल्याकडच्या पुण्यासारखा, त्यामुळे नागरी विमानांना मोकळीक मर्यादितच.

तुम्हाला तुमच्या फ्लाइटचा अंदाज स्वतः काढायचा असेल तर वेळापत्रकावर जाऊ नका. फ्लाइटरडार२४ किंवा तसल्या साईटवर फ्लाइट क्रमांक टाका आणि मागच्या सात-आठ दिवसांच्या नोंदी बघा. दोन गोष्टी लिहून घ्या : प्रत्यक्ष उड्डाण ठरलेल्या वेळेनंतर किती मिनिटांनी झाले, आणि विमान टेकले कधी. टेकण्याच्या वेळेत कोलकात्याला आठ मिनिटे मिळवा, ती गेटची वेळ. सातपैकी सर्वांत वाईट दोन दिवस बघून नियोजन करा, सरासरी बघून नको. सरासरीच्या भरवशावर राहिलेल्यांची फ्लाइट महिन्यातून काही दिवस चुकणारच.

आणखी एक तपासायचे : तेच विमान त्याआधी कुठून येते. पहाटेचे पहिले उड्डाण असेल तर विमान रात्रीच मुंबईत उभे असते, उशीर कमी. दुपारनंतरचे असेल तर त्या विमानाचे दिवसातले तीन-चार फेरे आधीच झालेले असतात आणि प्रत्येक फेऱ्याचा उशीर पुढच्याच्या डोक्यावर.

---

वांद्रे_ते_बारासात

नवी मुंबईहून निघाले तर अंतर कमी पडेल ना? तो विमानतळ पूर्वेलाच आहे.

---

अक्षांश

पडते, पण पंधरा-सोळा किमीनेच. नवी मुंबई ते दमदम साधारण १,६५० किमी. उंचीवर विमान मिनिटाला १४-१५ किमी कापते, म्हणजे वाचले एक मिनिट. डिसेंबर २०२५ पासून दोन्ही विमानतळ सुरू आहेत, तेव्हा तिकिटावर सहार-सांताक्रूझ आहे की नवी मुंबई हे आधी नीट वाचा. परतीचे तिकीट दुसऱ्याच विमानतळाचे असू शकते, आणि तिथून शिवडीला यायचा हिशेब वेगळा.

---

तिकीटघर

ब्लॉक टाइमचा एक उपयोग वर राहिला. विमान उशिरा सुटणार असेल तर खाणे-पिणे कधी द्यायचे हे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमात याच वेळेवरून ठरते. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल तर २ तासांच्या उशिराला, अडीच ते पाच तास असेल तर ३ तासांच्या उशिराला. तुमचे २:३५ पाच मिनिटांनी दुसऱ्या गटात गेले, म्हणजे अडीच तास उशीर झाला तरी काउंटरवर हक्काने मागता येणार नाही. उशीर ६ तासांहून जास्त असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

वेळेत न कळवता फ्लाइट रद्द केली तर भरपाईही ब्लॉक टाइमवरच आहे. १ तासापर्यंत ५,००० रुपये, १ ते २ तास ७,५००, २ तासांहून जास्त १०,०००. पण मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जे कमी असेल तेच मिळते. स्वस्तात काढलेल्या तिकिटावर पूर्ण दहा हजार मिळतील अशी आशा ठेवू नका. आणि धुके, वादळ, एटीसीने थांबवणे अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. बागडोगऱ्याच्या धुक्यात विमान अडकले तर परतावा किंवा दुसरी फ्लाइट एवढेच. तिकीट काढताना दिलेला मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या, एजंटचा नको. कळवल्याचा मेसेज त्याच नंबरवर जातो, आणि तो गेला की 'कळवले नाही' असे तुम्हाला म्हणता येत नाही.